खिशातला हात

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आमच्या मालकाने, ओइवाने, कारखाना विकायला काढल्याचं आज मला सांगितलं. म्हणजे त्याच्या मते सांगितलं. प्रत्यक्षात तो एवढंच म्हणाला, "इटलीहून काही माणसं येतील असं वाटतंय. नुसतीच बघायला येणार नाहीत, असंही वाटतंय." मग तो खिडकीबाहेरचा वाळूचा ढीग बघत बसला. बाकीचं मी समजून घ्यायचं. आम्ही सावो प्रांताची माणसं अशीच. बोलणारा बोलून मोकळा होतो, अर्थ लावत ऐकणाऱ्याने बसायचं. आजवर मला याची गंमत वाटायची.

मी उभीच होते. बस म्हणाला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, "दुसरं गिऱ्हाईक हेलसिंकीचं आहे. त्यांना नाव आणि साचे हवेत. माणसं नकोत. नव्या वर्षापर्यंत इटलीवाल्यांचं जमलं नाही, तर तेच."

आमच्या हुत्तुनेन कारखान्याची सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, शेगडी अर्ध्या देशाच्या सौनांत पेटते. हिएतासाल्मी गावात तिच्याशिवाय आहे काय? शाळा, दुकान, चर्च आणि तळं. हेलसिंकीवाले साचे ट्रकमध्ये घालून नेतील आणि पुढच्या हिवाळ्यात शाळाही बंद पडेल. ओतकाम करणाऱ्या माणसाने इथे दुसरं काय करायचं, मासे मोजायचे?

का विकतो आहेस, हे मी विचारलं नाही. सांगायचं असतं तर त्याने सांगितलं असतं. पण डोळे मलाही आहेत. गेल्या महिन्यात त्याच्या घरी टेबलावर पामची झाडं छापलेलं स्पेनचं पत्रक पडलं होतं. आयलीने ते घाईने वर्तमानपत्राखाली सरकवलं. नवराबायकोला ऊन खात बसायचं आहे. बसा.

निघताना म्हणाला, "पाहुण्यांसाठी काहीतरी लिहून काढ. आपल्याकडे कसं वागायचं वगैरे. मागे जपान्यांसाठी केलं होतंस तसं." आणि टेबलावरची पत्रं माझ्याकडे ढकलली. "सह्या तूच कर माझ्या वतीने."

आता सही करण्याइतकीही आस्था उरलेली नाही. आणि कामाची वेळ सातची असताना हे सगळं सांगायला साहेब साडेआठला उगवले. याच माणसाने एकदा बँकेच्या मॅनेजरला, पाच मिनिटं उशीर झाला म्हणून, फाटकाबाहेर बर्फात उभं केलं होतं.

मी सह्या केल्या. इतक्या दाबून केल्या की खालच्या कागदावर उमटल्या.


१४ नोव्हेंबर, गुरुवार

लिहिते आहे. राग असला की मला चांगलं लिहिता येतं, हा नवा शोध.

"भेटीची वेळ नऊची असेल तर नऊला यावे. नऊला पाच कमी असताना आलात तरी चालेल. नऊ वाजून पाच मिनिटांनी आलात तर आम्ही काही बोलणार नाही. पण आठवण ठेवू.

खोलीतल्या प्रत्येकाशी हात मिळवावा, स्त्रियांशीही. घट्ट, थोडक्यात, डोळ्यांत बघून. गालाला गाल लावू नयेत. खांद्यावर, पाठीवर हात ठेवू नये.

आम्ही एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतो. मालकालाही. यात अपमान नाही.

कॉफी दिली तर घ्यावी. नको म्हटलेत तर आम्हाला वाटेल काहीतरी बिनसले आहे.

दुपारचे जेवण अकराला असते. सोबत दूध असते. हसू नये.

डिसेंबरच्या सुमारास दुपारी तीन वाजता अंधार पडतो. बुटांना खाली काटे लावून घ्यावेत, ते दुकानात मिळतात. कोणाच्या घरी गेलात तर बूट दाराशीच काढावेत.

आम्ही गप्प बसलो तर घाबरू नये. आम्ही विचार करत असतो. ती शांतता भरून काढू नये.

प्रकृती, घर, पैसा, धर्म यांविषयी विचारू नये. सांगण्यासारखे असेल तर माणूस आपण होऊन सांगतो.

सौनाचे आमंत्रण मिळाले तर तो मान आहे. बायका आणि पुरुष वेगवेगळे जातात. पोहण्याचे कपडे घालू नयेत. तिथे कोणी मालक नसतो, कोणी नोकर नसतो. शेगडीवर पाणी घालण्याचा पहिला मान यजमानाचा."

वाचून पाहिलं. यातला एकही नियम सध्या आमचा मालक पाळत नाही. पाहुण्यांना इंग्रजीत देते आहे, तर एक प्रत फिनिशमध्ये त्याच्याही टेबलावर ठेवावी असं मनात आलं. ठेवली नाही. उगाच ठेवली नाही असं आता वाटतंय.


१९ नोव्हेंबर, मंगळवार

साचेखान्यात कॉफीला गेले होते. ओइवा आला. सगळ्यांमध्ये बसला, पण कॉफी घेतली नाही. या माणसाच्या रक्तात कॉफी वाहते. वेइक्को, आमचा साचेखान्याचा मुकादम, उठला आणि न विचारता त्याच्यापुढे अर्धाच कप भरून ठेवला. अर्धा. ओइवाने त्यालाही हात लावला नाही. बाकीचे उठून कामाला लागेपर्यंत तो तसाच बसून होता.

वेइक्को अलीकडे त्याच्या मागेमागेच असतो. दार उघडून धर, कोट घालायला मदत कर, गाडी चालव. वेइक्कोसारखा माणूस लाळघोटेपणा करेल असं कधी वाटलं नव्हतं. नवा मालक यायच्या आत जुन्याकडून काही पदरात पाडून घ्यायचं असेल.

तो मला म्हणाला, "काइसू, तुझ्या त्या सूचनांत एक घाल. पाहुण्यांनी आम्हाला प्रश्न विचारू नयेत. आम्ही उत्तर द्यायला लागलो तर त्यांचं विमान चुकेल."

मी म्हटलं, तुझ्यासाठी वेगळी लिहीन, मालकाचा कोट धरताना कणा किती वाकवावा याची.

सगळ्यांनी आपापल्या कपात डोकं घातलं. वेइक्को परतफेड केल्याशिवाय राहत नाही. आज त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि कप विसळायला गेला. टोला लागला असावा. लागायलाच हवा होता.


२५ नोव्हेंबर, सोमवार

आले. दोघं आहेत. ओर्नेल्ला झानोत्ती, इटलीतल्या ब्रेशाच्या शेगड्यांच्या कारखान्याची मालकीण, साठीची असेल. सोबत फाउस्तो नावाचा इंजिनिअर, बर्फात चालताना दोन्ही हात पसरून चालणारा. बुटांना काटे लावलेले. दोघांच्याही.

नऊला पाच कमी असताना बाई दारात. माझ्याशी हात मिळवला, घट्ट, डोळ्यांत बघून. मला "काइसू" म्हणाली, स्वतःला "ओर्नेल्ला" म्हणायला सांगितलं. लिहिलेलं जसंच्या तसं करणारा पाहुणा मी जन्मात पाहिलेला नाही, आणि खरं सांगायचं तर मला तिचा त्याबद्दलही राग आला. चुकली असती तर बरं वाटलं असतं.

नऊ वाजले. सव्वानऊ. मी कॉफी ओतली, परत ओतली. पाहुण्यांनी शांतता भरून काढली नाही. मी लिहिलंच होतं ना तसं. आम्ही तिघं मिठाची गुळणी धरून भिंतीवरचं घड्याळ ऐकत होतो. साडेनऊला वेइक्कोने ओइवाला आणून सोडलं.

बाई उठली, पुढे गेली, हात पुढे केला. अगदी बरोबर. आणि ओइवाने उजवा हात कोटाच्या खिशातून काढला नाही. मान हलवली फक्त. चेहरा लाकडाचा. बाईचा हात तसाच हवेत.

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्याचा बाप फिरत्या विक्रेत्यांशीही हात मिळवायचा. कारखाना विकायचा आहे, गावाचं पोट या बाईच्या हातात आहे, आणि हा तो हात धरत नाही. त्याला हेलसिंकीवाल्यांनाच द्यायचं असेल. जास्त मिळत असेल. ही माणसं नुसती दाखवायला बोलावली असतील, भाव चढवायला.

बाईने हात खाली घेतला. रागावली नाही. त्याच्या खिशाकडे बघितलं, मग त्याच्या पायांकडे, आणि बसली.

मी भाषांतर केलं. तो इतका हळू बोलतो अलीकडे की मला दोनदा "काय?" विचारावं लागलं. दोघांच्या मधे वाकून, कान त्याच्या तोंडाशी नेऊन. आपल्याच कारखान्याबद्दल बोलताना आवाज चढू नये माणसाचा?


२६ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी भट्टी दाखवली. रस ओतताना फाउस्तोने टोपी काढली, तेवढ्यापुरता तो मला आवडला. ओइवा रस ओतणाऱ्यांपासून लांब उभा होता. एरवी स्वतः पुढे असतो.

संध्याकाळी तळ्याकाठच्या सौनात. काल मी वेइक्कोजवळ ओइवासाठी निरोप दिला होता, यजमानाने पहिलं पाणी घालायचं असतं, विसरू नकोस. त्याने उलट वेइक्कोलाच सांगितलं: तूच ने पाहुण्याला. म्हणजे पुरुषांच्या बाजूला फाउस्तोबरोबर मुकादम. सौनाच्या शेगड्या विकून जो मोठा झाला, तो पाहुण्यांना सौनात सोडून घरी गेला. त्याच्यावर माझा विश्वास बसेनासा झाला आहे असं मी इथे लिहिते. आणि लिहून झाल्यावर बरं वाटत नाही.

बायकांच्या बाजूला मी आणि बाई. मी पाणी घातलं. वाफ उठली. तिने डोळे मिटले, बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, चला, एक तरी शहाणं माणूस भेटलं. मग डोळे न उघडता म्हणाली, "तुम्ही लिहिलंय, इथे कोणी मालक नसतो, कोणी नोकर नसतो. म्हणून इथे विचारते. किती दिवस आजारी आहे तो?"

"कोण?"

"ओइवा."

मी म्हटलं, तो थंडीच्या सुरुवातीला नेहमी असाच असतो. आणि आमच्याकडे असं विचारत नाहीत. तेही लिहिलेलं आहे, सौनाच्या वरच्याच ओळीत.

"वाचलं. माझा भाऊ असाच चालायचा शेवटी." एवढंच म्हणाली आणि स्वतःच उठून अजून पाणी घातलं. न विचारता. इतकं की मला खालच्या बाकावर उतरावं लागलं.

मला हा डाव कळतो. माणूस आजारी म्हणजे घाईत, घाईत म्हणजे स्वस्तात देईल. भावाचंही खरंच कशावरून? मी तिला टॉवेल दिला, रिंगसॉसेज भाजून दिलं, मोहरी दिली. यजमान म्हणून कुठे कमी पडले नाही. पण तोंड उघडलं नाही.


२७ नोव्हेंबर, बुधवार

हे लवकर लिहून टाकायला हवं, नाहीतर फाडून टाकीन.

बैठक दहाला. ओइवा वेळेवर होता, आज पहिल्यांदा. हात खिशात. फाउस्तो भट्टीच्या आतल्या विटांच्या अस्तराबद्दल विचारत होता, दुसरी भट्टी किती वर्षांची, नवं अस्तर कधी घातलं. ओइवा उत्तरं देत होता आणि मी ती इंग्रजीत करत होते. एका उत्तराच्या मधेच तो थांबला. बाईने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलंच नाही. सरळ त्याच्याकडे बघून इंग्रजीत, सावकाश विचारलं, तुमचा हात कधीपासून थरथरतो?

मी फिनिशमध्ये म्हणाले, "ती विचारते आहे, तळं कधी गोठतं."

मी का तसं म्हणाले ते मला माहीत आहे. माझ्या मालकाला माझ्या टेबलावर असलं कोणी विचारू शकत नाही. भाषांतर म्हणजे कचऱ्याची पाइपलाइन नव्हे, येईल ते पुढे सोडायला. मी आजही तेच करीन.

ओइवाने माझ्याकडे बघितलं. बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा नीट बघितलं.

"काइसू," तो म्हणाला, "तेवढं इंग्रजी मला येतं."

मग त्याने खिशातून हात काढला आणि टेबलावर ठेवला. हात कागदावर ठरत नव्हता. बाजूचं पेन त्याच्या बोटांना लागून टेबलावर टकटक वाजायला लागलं. मोडक्या इंग्रजीत, मला न विचारता, त्याने तिला सांगितलं. दोन वर्षं झाली. पार्किन्सन. आधी हात होता, आता पायही. डोकं ठीक आहे. कारखान्यालाही काही झालेलं नाही, तो चांगला आहे.

बाईने त्याच्या हातावर स्वतःचा हात ठेवला. पेन वाजायचं थांबलं. आणि त्याने हात मागे घेतला नाही.

मी उठले आणि बाहेर गेले. कोट न घालता. बाहेर उणे पंधरा होतं. वाळूच्या ढिगाशी उभी राहून मी ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही. इतक्या वर्षांत मला नाही, आणि ज्या बाईला तो तीन दिवसही ओळखत नाही तिला सांगितलं. तिला. आणि मी सह्या करत बसले त्याच्या नावाच्या.

पुढचं भाषांतर त्यांचं त्यांनी केलं असेल. मी घरी आले.


२ डिसेंबर, सोमवार

कामावर जात नाही. फोन करून सर्दी झाली म्हणून सांगितलं. कोणी जास्त विचारलं नाही. अर्थात. कोण विचारणार?

दुपारी वेइक्को आला. दाराशी बूट काढले, एका मोज्याला अंगठ्याशी भोक. स्वयंपाकघरात बसला. मी कॉफी दिली, तो तीन कप प्यायला आणि तिसऱ्यानंतर त्याने तोंड उघडलं.

"सर्दी कशी आहे?"

"तुला माहीत होतं."

"हं."

"कधीपासून?"

"मागच्या उन्हाळ्यात मासेमारीला गेलो होतो. त्याला गळाला आमिष लावता येईना. मी लावून दिलं."

"आणि त्याने सांगितलं?"

"छे. तो म्हणाला, आजकाल गळ फार बारीक करायला लागलेत. मी म्हटलं, हो, बारीक करायला लागलेत."

मी विचारलं, अजून कोणाकोणाला माहीत आहे. त्याने बोटांवर मोजलं. साचेखाना, भट्टी, पॅकिंग. दुकानातली पोरगी, कारण तो सुटे पैसे मोजत नाही, पाकीटच पुढे करतो. पाद्री. जवळजवळ सगळेच, म्हणाला. "कोणी कोणाला सांगितलं नाही. दिसतच होतं."

"मग मला का नाही कोणी बोललं?"

वेइक्कोला हा प्रश्न खरंच अवघड गेला. कप फिरवत राहिला. "तू काहीच विचारत नव्हतीस," तो म्हणाला. "रागाने नुसती फुगलेली असायचीस. आम्हाला वाटलं, हिला सगळ्यांच्या आधी माहीत असणार. म्हणून तुझ्यापुढे विषय काढायचा नाही असं ठरलं होतं."

"ठरलं होतं? कोणी ठरवलं?"

"असं बसून नाही ठरवलं. गप्प राहूनच ठरलं."

मी त्याला सांगितलं की तुम्ही सगळे गाढव आहात. तो म्हणाला, असू. त्या अर्ध्या कपाचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. भरलेला कप सांडला असता म्हणून अर्धा. आणि मी त्याला कणा किती वाकवायचा ते सांगितलं, सगळ्यांसमोर. तो उठून कप विसळायला गेला. निदान तेव्हा तरी मला फाडकन उत्तर द्यायचं होतंस, वेइक्को. मी ऐकून घेतलं असतं.

मग त्याने मुख्य गोष्ट काढली. त्यासाठीच आला होता. इटलीवाले घ्यायला तयार आहेत. माणसं ठेवणार, भट्टी इथेच ठेवणार, नावही हुत्तुनेनच राहणार. एकाच अटीवर. त्यांना इथे चालवणारं माणूस हवं, आणि ओइवाने नाव दिलं आहे.

"कोणाचं?"

"मला वाटतं, जिला सर्दी झाली आहे तिचं."

पुढच्या सोमवारपर्यंत माझा होकार ब्रेशाला कळला नाही तर व्यवहार मोडला. मग हेलसिंकी.

मी वेइक्कोला घालवून दिलं. हातात बूट घेऊनच तो बाहेर पायरीवर बसला आणि तिथे घातले. मला न विचारता माझं नाव दिलं. आजार सांगायला तोंड नव्हतं, आणि माझं आयुष्य दुसऱ्याच्या टेबलावर ठेवायला होतं. गाव माझ्या गळ्यात बांधतो आहे, तेही निरोप्याकरवी.

नाही म्हणणार आहे. अजून कोणाला तरी शोधा.


७ डिसेंबर, शनिवार

काल स्वातंत्र्यदिन. खिडकीत दोन मेणबत्त्या लावल्या, त्या जळेपर्यंत बसायचा धीर झाला नाही. विझवल्या आणि ओइवाच्या घरी गेले. न कळवता, सणाच्या दिवशी. आमच्याकडे असं कोणी करत नाही. मी केलं.

आयलीने दार उघडलं. मी बूट काढले नाहीत. जाणूनबुजून. तिच्या पुसलेल्या फरशीवरून बर्फ सांडत आत गेले. ओइवा खुर्चीत होता, मांडीवर पांघरूण, समोर टीव्हीवर राष्ट्रपती भवनातली रांग, लोक हात मिळवून पुढे सरकत होते. मी टीव्ही बंद केला.

आणि ओरडले. मला आठवत नाही मी याआधी कोणावर असं ओरडले असेन. काय काय म्हणाले ते सगळं लिहीत नाही. दोन वर्षं. त्या बाईला. वेइक्कोला. दुकानातल्या पोरीला. मी तुझ्या सह्या करते, तुझी पत्रं वाचते, तुझ्या बापाचं मृत्युपत्र मी टाइप केलं, आणि मला वाटत होतं की तू उर्मट झाला आहेस, म्हणजे मला किती मूर्ख ठरवलंस. आणि वर स्पेनला जायची तयारी.

"कुठलं स्पेन?"

"ते पत्रक. पामची झाडं."

"ते व्यायामाच्या दवाखान्याचं आहे," तो म्हणाला. "त्यांनी वर पाम छापला त्याला मी काय करू."

आयली स्वयंपाकघरात गेली. दार अर्धवट लोटून घेतलं.

"तुला सांगायचं होतं," तो म्हणाला.

"कधी?"

"रोज."

"मग?"

तो इतका वेळ गप्प बसला की मला वाटलं आता उत्तर येणार नाही. मी ती शांतता भरून काढली. म्हटलं, बोल, नाहीतर मी परत सुरू करीन.

"कर," तो म्हणाला. "सगळे माझ्याशी दफनाला आल्यासारखे बोलतात आता. आयलीसुद्धा. वेइक्को विनोद करतो आणि मग घाबरतो. तू तेवढी खोलीत येऊन फायली आपटायचीस. मला वाटायचं, तिला कळलं तर तीही हळू ठेवायला लागेल."

मला आणखी राग आला. मी म्हटलं, मी नाही म्हणायला आले आहे. मी कारखाना चालवणार नाही. मला न विचारता ठरवलेलं काहीही मी करणार नाही. स्पष्ट सांगते आहे, नंतर अर्थ लावत बसू नकोस.

तो बरं म्हणाला.

"बरं काय? चालवण्यासारखं ठेवलंयस तरी काय? दुसऱ्या भट्टीचं अस्तर गेलंय. फाउस्तोला तू म्हणालास उन्हाळ्यापर्यंत टिकेल. टिकणार नाही. फेब्रुवारीतच फुटेल, ऐन मागणीत."

"टिकेल. मी बघितलंय."

"लांबून बघितलंस. मी हिशोब बघते, लोखंड किती वाया जातंय ते मला दिसतं. आणि ती शेगडीच्या दारावरची नक्षी काढून टाक. चर्चच्या फाटकासारखी दिसते. एक बाई विकत घेणार नाही."

"ती माझ्या बापाची नक्षी आहे."

"मग तुझ्या बापाला विक."

तो हसला. चेहऱ्यावर फार दिसत नाही आता, पण खांदे हलले. मग चिडलाही. म्हणाला, तुला ओतकामातलं काही कळत नाही, पत्रं लिहून कोणी भट्टीवाला होत नसतो. मी म्हटलं, आणि पांघरूण घेऊन बसूनही होत नसतो. आयलीने आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. आम्ही दोघं अस्तरावरून भांडलो, वाळूच्या व्यापाऱ्यावरून भांडलो, वेइक्कोला पगार वाढवायचा की नाही यावरून भांडलो. बोलताना त्याचा आवाज चढला. मला एकदाही "काय?" म्हणावं लागलं नाही.

शेवटी आयली कालाकुक्को, मासे भरून भाजलेला राईचा पाव, घेऊन आली. कापून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "खा. बूट मात्र काढ आता."


८ डिसेंबर, रविवार

आज परत गेले. परवा तो म्हणाला होता की त्या नक्षीचे दोनशे दरवाजे एकट्या कुओपिओ शहरात गेले. मला खात्री होती की नाही गेले, म्हणून विक्रीची फाइल घेऊन गेले. नाही गेले. त्याला दाखवलं. तो म्हणाला, फाइल चुकीची आहे.

अस्तराबद्दल मात्र त्याने ऐकलं. निदान वाद घालायचं थांबवलं. मी त्याला सांगितलं की जानेवारीत चार दिवस भट्टी बंद ठेवावी लागेल, ओतकामाच्या माणसांना तेव्हा सुट्टी द्यायची, आणि वेइक्कोचा पगार मी वाढवणारच, त्याला आवडो की नको. तो म्हणाला, तुझी मर्जी. मी म्हटलं, प्रश्न मर्जीचा नाही, ते करायलाच हवं. मोठ्याने बोलत होतो. शेजारी ऐकत असतील. ऐकू देत.

निघताना त्याने विचारलं, उद्याही येणार का. म्हटलं, येईन, माझं अजून संपलेलं नाही.

उद्या ओर्नेल्लाला नकार कळवायचा आहे. दुपारी कळवीन, म्हणजे पोचेल. त्याआधी सकाळी अस्तरवाल्याला गाठायला हवं, नाहीतर तो जानेवारीची तारीख दुसऱ्या कोणाला देऊन टाकेल.